डेल्फ्टला निघण्यापूर्वी उधाण मोजून ठेवा

आपण रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचे, बी.ई. सिव्हिल झाल्यावर दोन वर्षे ठेकेदाराच्या साइटवर काढलेले. किनारा अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला जावे का आणि तिथे एकटेपणा फार जाणवतो का, असे आपण विचारले आहे. शुल्क, मुदती आणि व्हिसाचे नियम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेतच, ते सोडून देतो.

कागदांत सर्वांत आधी जन्मदाखला पाहा. माझा जन्म अलिबागच्या खारेपाटातला आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत माझ्या नावाचा रकाना कोराच होता. शाळेच्या दाखल्यावर भारतात निभावून गेले. इथल्या पालिकेत रहिवासी म्हणून नोंद करताना मात्र अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारी प्रमाणन घेतलेला, जन्मदाखला मागितला गेला. नाव चढवून घेण्यासाठी बाबांनी भर पावसात एसटीने पाच खेपा घातल्या, आणि पाचव्या खेपेला हाती आलेल्या दाखल्यावर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर गळलेले होते. ‘मंगळवारी या’ म्हणणाऱ्या त्या कारकुनावरचा माझा राग अजून गेलेला नाही. वास्तविक निघण्यापूर्वी तो कागद पाहणे हे माझेच काम होते.

एकटेपणाचे म्हणाल तर डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो तेव्हा तो जाणवतो. रोज कुकर लावायची सवय झाली की कमी होतो.

अभ्यास दोन वर्षांचा, 120 क्रेडिटचा. गुण 10 पैकी मिळतात, 6 ला उत्तीर्ण, आणि 8 मिळाले तर घरी आनंदाने कळवावे. टक्केवारीची सवय असलेल्या आपल्या मुलांना हे पचायला एक सत्र लागते. ‘स्वॉन’ हे लाटांचे संगणकीय मॉडेल डेल्फ्टमध्येच तयार झाले आहे आणि विनामूल्य मिळते, ते आताच चालवून पाहा.

पहिल्याच सत्रात प्राध्यापकांनी पोल्डरच्या, म्हणजे बांध घालून पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीच्या, जुन्या झडपेचे चित्र काढले: भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा झडप मिटते, ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. ती आमच्या खारबांधाची, म्हणजे शेतात खारे पाणी येऊ न देणाऱ्या बांधाची, उघाडी होती. तिच्या फळ्यांच्या फटीत चिखल लिंपायला मी लहानपणी बाबांबरोबर गेलो आहे. ‘हे आमच्याकडेही आहे’ एवढेच सांगायचे होते, पण भोवती सगळे समीकरणांत बोलत होते. मला संकोच वाटला आणि मी हात वर केला नाही.

प्रबंधाच्या वेळीही तेच झाले. इथे 1965 पासून दरवर्षी किनाऱ्याचे छेद, म्हणजे जमिनीपासून समुद्राकडे उंची कशी बदलत जाते ते, मोजून ठेवलेले आहेत. शिवाय 2011 मध्ये सुमारे 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी टाकून, ती लाटा-वाऱ्यांनी किनाऱ्यावर पसरावी म्हणून केलेला ‘झांडमोटर’चा प्रयोग समोर होता. विदा (डेटा) तयार होती म्हणून मी त्यांची वाळू निवडली. आपल्या बांधाचा एकही मोजलेला छेद माझ्यापाशी नव्हता. ‘तुझ्या संगणकात आपला बांध बसतो का रे?’ असे बाबांनी फोनवर विचारले तेव्हा मी हसण्यावारी नेले. त्याच वर्षी ऑगस्टच्या उधाणात बांधाला खांड पडली, भाताच्या खाचरांत खारे पाणी शिरले आणि वेळेत बांधबंदिस्ती न झाल्याने आज तिथे तिवरे (खारफुटी) उभी आहेत. तिवरे तोडायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे ती जमीन आता शेतीत परत येणे कठीण. मला 8 गुण मिळाले होते.

इथले शिक्षण उत्तम आहे, जरूर या. मात्र इथल्या किनाऱ्याची उत्तरे मिऱ्याला जशीच्या तशी लागू पडणार नाहीत. इथे वर्षभरात सुमारे 850 मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत एकटा जुलै त्याला मागे टाकतो, आणि उधाणाच्या वेळी हेच पाणी आत तुंबते. म्हणून निघण्यापूर्वीच्या एका पावसाळ्यात दर अमावास्या-पौर्णिमेला बंधाऱ्यावर पाणी कुठवर चढते, वाळू किती खाली जाते, कोणता दगड सरकला, हे तारीख-वेळ घालून लिहा, एकाच ठिकाणाहून फोटो काढा. तो तुमचा प्रबंध होऊ शकतो.

बाबा हे सारे कॅलेंडरवर लिहीत असत, ‘पाणी तिसऱ्या फळीला’ अशा शब्दांत. अकरा वर्षांची ती कॅलेंडरे गेल्या खेपेला मी इकडे आणली. त्या फळ्यांची उंची आता मोजता येत नाही. उघाडीही खांडीबरोबर वाहून गेली.