तुमचे प्रश्न : अरुगम बेला सर्फिंगला जाताना

प्रश्न : वय २२. मालवणात दोन वर्षं आठ फुटी फोम बोर्डवर सर्फिंग करतोय. पावसाळ्यात इथे पाण्यात उतरता येत नाही म्हणून जुलैत तीन आठवडे श्रीलंकेला जायचं म्हणतोय. काहीजण वेलिगामा सुचवतात, काहीजण अरुगम बे. कुठे जाऊ?

जुलै असेल तर अरुगम बे. जो नैर्ऋत्य मोसमी वारा आपला किनारा खवळून टाकतो, तोच वेलिगामा आहे त्या दक्षिण किनाऱ्यालाही झोडपतो. तिथला हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. अरुगम बे पूर्वेला, पोतुविल गावाच्या दक्षिणेला आहे. तिथे हाच वारा जमीन ओलांडून येतो, म्हणजे मतलई होतो आणि लाट घोटल्यासारखी गुळगुळीत राहते. लाटा येतात त्या दूर दक्षिणेच्या महासागरातून. दुपारी खारा वारा सुटला की पाणी विस्कटतं, म्हणून उजाडताच पाण्यात असा.

अंदाज बघताना नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा. ७ सेकंदांची १ मीटर लाट आणि १४ सेकंदांची १ मीटर लाट आकड्यात सारखी दिसते, पण दुसरी जवळपास दुप्पट ऊर्जा घेऊन येते. मालवणच्या सवयीने अंदाज बांधणारे इथेच फसतात. भरती-ओहोटीचा फरक तिथे मीटरभरही नसतो, तरी उथळ रीफवर (पाण्याखालच्या खडकावर) तेवढाही जाणवतो.

पहिले चार दिवस बेबी पॉइंट किंवा पोतुविलच्या उत्तरेचा व्हिस्की पॉइंट. मेन पॉइंट त्यानंतर. ती लांब, उजवीकडे फुटत जाणारी लाट आहे आणि खाली रीफ आहे. तुम्ही उजवा पाय पुढे ठेवत असाल तर तिथे लाटेकडे पाठ करून चालवावं लागेल. त्याचा सराव आधी छोट्या लाटेवर करा.

प्रश्न : स्वतःचा सात फुटी फायबरचा बोर्ड विमानातून न्यायचा आहे. काय काळजी घ्यावी?

तिकीट काढण्याआधी विमान कंपनीची लांबीची मर्यादा बघा. फिन (बोर्डाखालची पाती) काढा, वॅक्स (पाय घसरू नये म्हणून बोर्डावर घासतात ते मेण) पूर्ण खरवडून टाका. उन्हात वितळलं तर ते बॅगेला आणि कपड्यांना चिकटतं. कडांवर पाइपला घालतात ती फोमची नळी चिरून बसवा, टोक आणि शेपूट टॉवेलात गुंडाळा. फिनची चावी चेक-इन सामानात. दुरुस्तीचं रेझिन मात्र घरीच ठेवा, ते ज्वालाग्राही असल्याने विमानात नेता येत नाही. तिथे दुरुस्तीची दुकानं आहेत. वॅक्स उष्ण पाण्याचं घ्या. थंड पाण्याचं लावलंत तर तासाभरात पायाखाली लोण्यासारखं होईल. लीश (बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी) बोर्डाइतकी, म्हणजे सात फुटी.

खोक पडली तर आतलं पाणी पूर्ण निथळून, बोर्ड सावलीत वाळवूनच रेझिन भरा. ओल आत अडकली की फोम खराब होतो आणि बोर्ड जड होत जातो.

प्रश्न : गेल्या वर्षी तिथे दहा दिवस होतो. मेन पॉइंटवर तासन्‌तास बसून दोन-तीनच लाटा मिळाल्या. एकदा तिथल्याच एका मुलाच्या लाटेत घुसलो, ओरडा खाल्ला, नंतर कुणी बोलेना. परत जायचंय, पण परकं वाटतं.

तुमची चूक नेमकी कुठे झाली असावी ते आधी बघू. पॉइंटवर लाटेचा हक्क, ती जिथून फुटायला लागते त्या टोकाच्या सगळ्यात जवळ असलेल्याचा. उजवीकडे जाणारी लाट पकडताना हा माणूस तुमच्या डाव्या खांद्याच्या मागे असतो. आपल्याकडच्या वाळूच्या किनाऱ्यावर लाट कुठेही फुटते, म्हणून तिकडे बघायची सवयच लागत नाही. वल्हवायला लागलात की डावीकडे मान वळवा. कुणी उभा राहिलेला दिसला की बोर्ड मागे खेचा, लाट कितीही चांगली असली तरी.

चूक झालीच तर तिथल्या तिथे जवळ जाऊन ‘सॉरी’ म्हणा आणि पुढच्या दोन लाटा सोडा. हे सगळ्यांना दिसतं.

यंदा पहिले तीन दिवस टोकाला बसू नका. खाली, उतरत्या बाजूला बसा. वरचा माणूस पडला की उरलेली लाट तुमची. परत बाहेर जाताना लाटेच्या मधून नको, कडेने वळसा घाला. कुणाच्या वाटेत अडकलात तर त्याच्यापुढून निसटू नका, फेसाकडे वल्हवा आणि लाटेचा मार खा. बोर्ड कधीही सोडून देऊ नका. सात फुटी बोर्ड आणि सात फुटी लीश म्हणजे मागच्या माणसासाठी चार मीटरचा धोका.

रोज त्याच वेळी, त्याच जागी या. जागा बदलत फिरणारा पाहुणाच राहतो. पहिल्याच आठवड्यात तिथल्या प्रशिक्षकाबरोबर एक सत्र घ्या, येत असलं तरी घ्या. खडक कुठे आहे हे त्याला पाठ असतं, आणि त्याच्याबरोबर दिसलेल्या माणसाला बाकीचे ओळखायला लागतात. पोतुविल परिसरात तमिळ चालतं, वस्ती बरीचशी मुस्लीम आहे. ‘सलाम’, ‘वणक्कम’, ‘नंड्री’ एवढं यावं. मोठ्याला ‘अण्णा’ तर आपल्या तोंडी आहेच. (दक्षिण किनाऱ्यावर सिंहलीत आभाराला ‘स्तूती’ म्हणतात, मराठी माणूस ते विसरणं शक्य नाही.) किनारा सोडून गावात शिरताना अंगात शर्ट हवा.

जवळीक झाली की ‘आमच्याकडे शिकवायला ये’ असं कुणी म्हणेल. टुरिस्ट व्हिसावर ते काम करता येत नाही, आणि ती रोजी तिथल्या पोरांची आहे. बोर्ड वाहून न्यायला मदत करा, पैसे घेऊ नका.