पटका, आबा आणि तुझा प्रश्न

चिनू,

काल हॉकीहून आलास आणि शीख मुलं केसांवर घट्ट बांधतात तो पटका न काढताच जेवायला बसलास, तेव्हा मी बोलून गेले की ते आपलं नाही रे, काढ. तर तू म्हणालास, "मग फोटोत आबांच्या डोक्यावर तो भगवा रुमाल आहे, तो आपला होता का?" लागलं मला ते. समोर बोलले की माझं लेक्चर होतं, म्हणून लिहितेय.

आबा बोडक्या डोक्याने कधी घराबाहेर पडले नाहीत, पांढरी टोपी ठरलेली. पण नांदेडात राहायचं आणि सचखंडला जायचं नाही असं कसं होईल, गुरु गोविंदसिंगजींनी १७०८ साली आमच्याच गावात देह ठेवला ना. गुरुद्वाऱ्याच्या दारात आबा टोपीची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवायचे आणि रुमाल बांधायचे, गाठ इतकी करकचून की दोन्ही कान पुढे यायचे आणि मी नि मामा खी खी हसायचो. कोणी विचारलं तर म्हणायचे, आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत की ग्रंथसाहिबात, मग परकं काय त्यात.

आता खरं सांगायचं तर फोटोतला रुमाल काही दर्शनाचा नाहीये. मे महिन्यात नांदेडचं ऊन म्हणजे काय ते तुला ब्रॅम्प्टनमध्ये बसून नाही कळायचं. आबा तोच रुमाल नळाखाली भिजवून डोक्याला गुंडाळायचे आणि सायकल काढायचे, कोपऱ्यावरचे स्पेअर पार्टवाले सरदारजी ओरडायचे, "क्या गुरुजी, सिंग बन गए?" आणि दोघंही हसायचे. आजी मात्र तो रुमाल वेगळा धुवायची, पायात येऊ द्यायची नाही. देव म्हणून की नवऱ्याची वस्तू म्हणून, कोण जाणे.

म्हणजे बघ, तुझं बरोबरच आहे. हेल्मेटखाली तुझे ते कुरळे केस डोळ्यात येत नाहीत, कान गरम राहतात, तुझ्या शीख मित्राने स्वतः बांधायला शिकवलंय, मग मी कोण नको म्हणणारी? तरी मनात खुटखुट राहतेच. आबांना अख्खी गल्ली ओळखायची. तुला बसमध्ये कोण ओळखतं? अमेरिकेत ९/११ नंतर चारच दिवसांत बलबीर सिंग सोढींना त्यांच्याच पेट्रोल पंपाबाहेर गोळी घातली, का तर डोक्यावर पगडी. आणि आपल्या कॅनडात बलतेज सिंग धिल्लन यांना पगडीसकट पोलिसात जायला परवानगी मिळाली ती १९९० मध्ये, तीही केवढ्या विरोधानंतर. तुला गरम झालं की तू काढून बॅगेत कोंबशील, तुझा मित्र तसं करत नाही. हे तुझ्या डोक्यात असू दे एवढंच, की हे पण लेक्चरच झालं?

मला वाटतं एकदा त्याच्या आईला विचार, त्यांना कसं वाटतं ते. त्या हो म्हणाल्या तर मी परत काढ म्हणणार नाही. आणि बॅगेत बुटांबरोबर ठेवू नकोस, प्लीज.

आई