पहिल्या दिवसासाठी १२ तुकड्या पुरेत

प्राचीन सैन्यांच्या पटयुद्धात, म्हणजे छोट्या रंगवलेल्या सैनिकांनी टेबलावर खेळायच्या लढाईत, उतरताना पहिल्याच दिवशी मोठी फौज जमवण्याच्या मागे लागू नका. डीबीए (डी बेलिस अँटिक्विटॅटिस) या १९९० मध्ये आलेल्या नियमावलीत प्रत्येक बाजूला केवळ १२ तुकड्या (एकेका तळपट्टीवर बसवलेले सैनिक) असतात आणि डाव साधारण तासाभरात संपतो. त्यामुळे एका दिवसात तीन-चार पराभव सहज पदरी पडतात, आणि शिकण्यासाठी तेच हवे असतात.

- रांग मोडू नका. प्रत्येक पाळीला फाशावर जितके दान पडेल तितक्याच हालचाली मिळतात, मात्र एकमेकांना चिकटलेल्या तुकड्यांचा अख्खा गट एकाच हालचालीत पुढे सरकू शकतो. तुकड्या विखुरलेल्या असताना १ पडला, की जवळजवळ सगळे सैन्य जागीच खिळते. नवख्यांचे बहुतेक डाव (माझेही) येथेच हातचे गेले आहेत.
- हत्तींच्या भरवशावर राहू नका. इ.स.पू. २०२ मध्ये उत्तर आफ्रिकेतील झामा येथे रोमन सेनापती स्किपिओने रांगांमध्ये वाटा मोकळ्या ठेवून कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचे हत्ती निष्प्रभ केले होते.
- ढालींवरची नक्षी अपुरी असली तरी खेळायला या. सैनिक मात्र भाल्याला नव्हे, तळपट्टीला धरून उचला.

छावणी आणि भूप्रदेशाचे बारकावे तिसऱ्या-चौथ्या डावानंतर पाहू.