सेट कुठल्या राज्याची, आणि नाल्यावर पीएच.डी. होते का?

प्रश्न : खानापूरजवळच्या गावात राहतो. सगळं शिक्षण मराठीतून. एम.ए. समाजशास्त्र ५८ टक्क्यांनी झालं. शहर आणि पर्यावरण याच विषयात प्राध्यापक व्हायचं आहे. मित्र म्हणतात, महाराष्ट्राची सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) दे, पेपर मराठीत असतो. देऊ का?

उत्तर : शिकवायचं कुठं ते आधी ठरवा, सेटचं मग बघू. १ जून २००२ नंतर काढलेली सेट फक्त त्या त्या राज्यातल्या महाविद्यालयांत चालते. महाराष्ट्राच्या सेटवर चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर मिळेल; बेळगाव, खानापूर, निपाणी नाही. इथल्यासाठी कर्नाटकची के-सेट, आणि तिचा पेपर कन्नड-इंग्रजीत. नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देशभर चालते, पण ती हिंदी-इंग्रजीत. सीमाभागातली मुलं फसतात ती इथंच. भाषा बघून परीक्षा निवडतात आणि जाहिरात आली की कळतं, प्रमाणपत्र हद्दीपलीकडचं आहे.

तेव्हा आधी नेट. समाजशास्त्राचा संकेतांक ०५. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण, सलग तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. दुसऱ्या पेपरचे दहा घटक आहेत. त्यातला चौथा ग्रामीण-नागरी स्थित्यंतराचा आणि सातवा पर्यावरण व समाजाचा, म्हणजे तुमच्या आवडीचे. पण मराठी माध्यमवाल्यांचे गुण जातात ते पहिल्या दोनांत, सिद्धांत आणि संशोधनपद्धतीत. विषय येत असतो, शब्द ओळखू येत नाही. हिंदी पेपरात ‘अलगाव’ म्हणून येतं ती आपल्या पुस्तकातली ‘परात्मता’. एका वहीत तीन रकाने आखा : मराठी, हिंदी, इंग्रजी. वाचताना जो शब्द अडेल तो लगेच तिन्ही रकान्यांत लिहायचा.

पीएच.डी.ला मात्र हद्द नाही. धारवाड, कोल्हापूर, बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ, बेंगळुरूची आयसेक ही संशोधन संस्था, कुठूनही केलेली चालते. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी ती सक्तीची नाही. नेट किंवा सेट ही किमान अट. जून २०२४ पासून नेटच्या निकालात फक्त पीएच.डी. प्रवेशासाठीही एक गट असतो. ते गुण एक वर्ष चालतात, आणि त्यावर प्रवेश देताना नेटला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. अर्ज करण्याआधी मार्गदर्शकाकडे जागा आहे का ते विचारा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चारच विद्यार्थी घेता येतात. आणि कन्नड लिहा-वाचायला शिकाच. बेळगावात राहून ते टाळणं म्हणजे अर्धी कागदपत्रं दुसऱ्याकडून वाचून घेणं.

प्रश्न : आमचं शेत शहापूरच्या बाजूला बळ्ळारी नाल्याकाठी आहे. ‘बेळगाव शहराचं पर्यावरण आणि समाज’ हा विषय पीएच.डी.ला दिला तर मान्य होईल का?

उत्तर : मान्य होईलही, पुरा होणार नाही. तीन ते सहा वर्षांत एका माणसाला झेपेल असा प्रश्न हवा. उदाहरणार्थ : नाल्याचं पाणी भातात शिरतं तेव्हा नुकसान कुणाच्या नावावर मांडलं जातं आणि कुणाचं मांडलंच जात नाही?

हा प्रश्न जमिनीच्या उताऱ्यापासून सुरू होतो, आणि पहिली चूकही तिथंच होते. उताऱ्यावरच्या नावांतून नमुना (म्हणजे मुलाखतीला निवडायची माणसं) काढलात तर फक्त मालक येतात, तेही बहुतेक पुरुष. वाट्यानं करणारा त्यात नाही, लावणीला येणाऱ्या बायका नाहीत. मतदारयादी धरली तर भाडेकरू निसटतात. म्हणून यादी कागदावरून नको, बांधावर करा. नाल्याच्या वरच्या अंगाला, मध्ये आणि खाली अशा तीन जागा निवडायच्या, प्रत्येक जागी घरं आणि शेतं मोजून काढायची आणि त्यातून नमुना घ्यायचा. सविस्तर मुलाखती ३०-४० पुरेत. तासाभराचं ध्वनिमुद्रण उतरवायला पाच-सहा तास जातात, त्या हिशेबानं आकडा ठरवा.

विचारताना शब्द जपा. कुणी म्हणालं, ‘शेत गेलं’, तर लगेच लिहून घेऊ नका. पाण्यात गेलं, की बायपासला गेलं, की बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) लेआउटला? तिन्हीला शब्द एकच. ‘गुडघाभर पाणी’ हेही माप नव्हे. भिंतीवर हात ठेवायला सांगा आणि जमिनीपासून टेपनं मोजा. वर्षांची सरमिसळ होतेच. २०१९ चा पूर असेल तर ‘नागपंचमीच्या आसपास का?’ असं विचारून बघा, तारीख विचारून काही मिळत नाही. उतरवलेल्या मजकुरात बेळगावी मराठी आणि मधले कन्नड शब्द जसेच्या तसे राहू द्या, इंग्रजी भाषांतर शेजारच्या रकान्यात. आधीच भाषांतर करून ठेवलं की ‘गेलं’ मधला घोळ कायमचा पुसला जातो.

घरचंच शेत आहे, तर ते प्रबंधात पहिल्या प्रकरणातच सांगा. लपवलंत तर तोंडी परीक्षेत तोच पहिला प्रश्न येईल.

सरकारी नोंदी माहिती अधिकारात मागा. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, फी १० रुपये. नाल्याची साफसफाई आणि पीकनुकसान एकाच अर्जात घातलंत की परत येणार. दोन अर्ज करा. उत्तराला ३० दिवस धरून चाला, म्हणजे पावसाळ्यात लागणारी नोंद एप्रिलमध्येच मागायची.

प्रश्न : वय ३२, निपाणीला सासर. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) आता मिळेल का?

उत्तर : वयात बसता. मर्यादा ३० ची, पण महिलांना पाच वर्षांची सूट आहे. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला तर वयोमर्यादाच नाही. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं ४२,०००, घरभाडं वेगळं, मात्र पीएच.डी.ला नोंदणी झाल्याशिवाय एक रुपया सुरू होत नाही. बाळंतपणासाठी २४० दिवसांची रजा मिळते. महिलांना प्रबंधासाठी दोन वर्षं जादाही मिळतात. सासरी हे आकडे आधीच सांगून ठेवा.