नव्या मानकाआधी जुन्या नोंदी

ग्रंथालयाच्या नोंदींसाठी आलेल्या बिबफ्रेम या नव्या मानकाचं नाव ऐकून लगेच मार्क, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी संगणकावर ठेवायचा जुना साचा, मोडीत काढायला निघू नकोस. मार्क १९६०च्या दशकातला, हे खरं. पण ऑनलाइन शोध फसतो तो बहुतेकदा आपल्याच विस्कळीत नोंदींमुळे.

आधी लेखकांची नावं घे. एकच लेखक एका नोंदीत पूर्ण नावाने, दुसरीत आद्याक्षरांनी, तिसरीत टोपणनावाने बसलेला असतो. संगणकाच्या लेखी ती तीन माणसं. एक प्रमाण रूप ठरव, बाकीची रूपं त्याला जोड, आणि सापडला तर व्हायफ या लेखकनावांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतला ओळख क्रमांकही दे. काम कंटाळवाणं आहे. मी कित्येक वर्षं टाळलं आणि मग दुप्पट निस्तरलं.

प्रकाशनवर्ष मार्कच्या २६४ क्रमांकाच्या रकान्यात लिहून ००८ या सांकेतिक रकान्यात ते रिकामं सोडलंस, तर बऱ्याच प्रणालींत वर्षाची गाळणी चालत नाही. नुसत्या रोमन लिप्यंतरावरही थांबू नकोस. मूळ लिपीतलं शीर्षक ८८० या रकान्यात भर. शोधताना ā, ṭ अशी खुणांची रोमन अक्षरं टंकत कोण बसतं?

डिजिटल संग्रहासाठी डब्लिन कोअर या साध्या वर्णन-मानकाचे १५ घटक सुरुवातीला पुरतात. आणि मोठा बदल करण्याआधी बॅकअप घे, पन्नासेक नोंदींवर तो करून बघ.