न्यू जर्सीत ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये नदीवर सनफिश (गोड्या पाण्यातले छोटे मासे) पकडता येतील का?

आरामात! मी रॅरिटन नदीवर हेच करतो, पाऊण तास पुरतो. डिकीत पाच फुटी रॉड, 10 नंबरचा गळ, छोटा बॉबर (पाण्यावर तरंगणारा गोळा) आणि गांडुळांचा डबा, बस. गांडूळ अख्खं लावू नका, नखाएवढा तुकडाच लावा. नाहीतर हे चोर लोंबतं टोक कुरतडून पळतात. बुडलेल्या ओंडक्याशेजारी सावलीत टाका. पोट नारिंगी आणि कल्ल्याच्या टोकाला लांब काळी जीभ दिसली की समजा रेडब्रेस्ट, म्हणजे सनफिशचाच एक प्रकार. पाठीचे काटे टोचतात, म्हणून ओल्या हाताने डोक्याकडून शेपटीकडे दाबत धरा. लायसन्स मात्र 16 ते 69 वयाला लागतंच. आणि हात लिंबाने धुवा, दोनच्या मीटिंगला शेजारचा नाक मुरडतो.