नॉर्वेतल्या ट्रोम्सोला नोकरी मिळतेय. तिथे दोन महिने सूर्य उगवत नाही म्हणतात. रोजचं आयुष्य कसं चालतं, भारतातल्या घरच्यांशी वेळ जुळते का? जावं का?

जा. अंधाराच्या भीतीने नोकरी सोडू नका. मी इथे सहा हिवाळे काढलेत, आणि माझ्या हातून जी एक मोठी चूक झाली ती भर दिवसा झाली.

२७ ऑक्टोबर २०१९, लक्ष्मीपूजन. मला इथे येऊन दोनच महिने झाले होते. साताऱ्याला साडेसहाला पूजा, मी व्हिडिओ कॉलवर असायचं ठरलेलं. उन्हाळ्यात आपण इथून साडेतीन तास पुढे, म्हणून मी तीनचा हिशोब धरला. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो. त्या वर्षी लक्ष्मीपूजन नेमकं त्याच रविवारी आलं. मोबाइलने वेळ आपोआप बदलली, मला पत्ता नाही. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला, मी करंज्या तळतेय. तीनला पणती लावून फोन उचलला तर घरचे अकरा मिस्ड कॉल. तिकडे साडेसात वाजलेले. बाबांनी माझ्यासाठी पूजा थांबवली होती. त्यांना साखर आहे आणि पूजेआधी ते काही खात नाहीत. त्यांना घेरी आली.

दादा म्हणाला, "अंधारात राहून तुझं वेळेचं भान गेलंय." दर दिवाळीत, येईल त्या पाहुण्यासमोर तो हेच सांगतो. ऑक्टोबरअखेर इथे सात तास सूर्य असतो! तो दिसेनासा होतो २७ नोव्हेंबरच्या सुमारास आणि क्षितिजावर परततो जानेवारीच्या मध्याला. मधे डोंगर आहेत, त्यामुळे शहरात दर्शन होतं २१ जानेवारीच्या आसपास. त्या दिवशी शाळा-ऑफिसांतून गोल गोड 'सूर्यबन' खातात, आणि मला तो सणच वाटतो. मधल्या काळातही दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड असतो. बर्फामुळे तो दुप्पट वाटतो. लोक आठ ते चार कामाला जातात, संध्याकाळी दिव्यांच्या वाटांवर स्की करतात, लहान मुलं अंगावर चमकत्या पट्ट्या लावून शाळेत जातात. बुटांना खालून लावायचे खिळे मात्र पहिल्याच आठवड्यात घ्या.

खरा त्रास मे ते जुलैत. २० मेपासून जवळपास २२ जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही. रात्री अकराला शेजारी गवत कापतो, मुलं फुटबॉल खेळतात. जाड काळे पडदे लावल्याशिवाय मला झोप लागत नाही. हे दादाला सांगितलं तर त्याला पटत नाही. अंधार वाईट, उजेड चांगला, एवढंच त्याचं गणित.

फोनचं सोपं आहे: चारला सुटलात की हिवाळ्यात घरी साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. घरचे जेवायला बसलेले सापडतात.

हे मी ठरावीक वेळेच्या, दिवसाच्या नोकरीवरून सांगतेय. पाळ्यांची नोकरी असेल, किंवा आधी कधी नैराश्य आलेलं असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, आणि इथे सकाळी वापरायचा प्रखर दिवा लगेच घ्या.

आणि मार्च व ऑक्टोबरचे शेवटचे रविवार घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून द्या. आमच्याकडे दर जानेवारीत बाबा स्वतः लिहितात. दादा त्याच कॅलेंडरवर दुधाचा हिशोब मांडतो, त्याने एकदा ते वाचावं.